उटण्याचा सुगंध घरच्या साबणात टिकवायचा कसा?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकला राहते आणि गेल्या आठ महिन्यांपासून घरी कोल्ड प्रोसेस पद्धतीने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण शिजवून न घेता नुसते घोटून, साबण करते. बिनवासाचे साबण आता मनासारखे होतात, पण सुगंध घालायला घेतला की काही ना काही बिघडते. यंदा नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी उटण्याच्या वासाचा साबण करून सासर-माहेरच्या मंडळींना द्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. दिवाळीला नऊ आठवडे आहेत आणि साबण मुरायला निदान पाच-सहा आठवडे द्यावे लागतात, म्हणून आत्ताच विचारते आहे.

माझे प्रमाण असे असते: नारळाचे तेल २५० ग्रॅम, सूर्यफुलाचे २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम आणि पाणी १५० ग्रॅम. ह्यात सुमारे पाच टक्के तेल साबण न होता शिल्लक राहते. तेल आणि द्रावण दोन्ही ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आली की एकत्र करून हँड ब्लेंडरने घोटते.

पहिल्या खेपेला मोगऱ्याचे सुगंधी तेल २० ग्रॅम घातले. ते अगरबत्तीचा कच्चा माल विकणाऱ्या एका दुकानातून आणले होते. घातल्यावर पंधरा सेकंदांत सगळे मिश्रण पातेल्यातच थिजले. चमच्याने दाबून साच्यात भरले, पण वड्या कापल्यावर आत तेलाची छिद्रे निघाली आणि महिन्याभराने मोगऱ्याऐवजी काहीसा औषधी वास येऊ लागला. दुसऱ्या खेपेला संत्र्याच्या सालीचे तेल वापरले. तेव्हा मिश्रण छान राहिले, घरभर वास सुटला, पण पाच आठवड्यांनी वडी नाकाशी धरली तरी काही जाणवेना. तिसऱ्या खेपेला घरचे उटणेच दोन मोठे चमचे घातले, तर पिवळसर साबणाची अपेक्षा असताना मिश्रण विटकरी लाल झाले. वास तर नाहीच, उलट अंगाला रवाळ टोचते.

मोगरा एवढ्या घाईने का थिजला, संत्रे कुठे गेले, हळदीचा रंग का बदलला आणि मुख्य म्हणजे उटण्याचा सुगंध साबणात आणायचा खरा मार्ग कोणता, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

ओला खडू (प्रतिसाद)

ताई, तुम्ही प्रमाण आणि तापमान लिहून प्रश्न विचारलात हे फार बरे केले, कारण आकडे नसले की साबणाच्या प्रश्नांना उत्तर देणे अवघड होते. मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर हा छंद लागला. तुमच्या तीनही खेपांमध्ये सुगंधावर कॉस्टिकने काय केले, एवढेच मी सांगतो. कृतीतले बारकावे इथल्या इतर मंडळींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत.

आपण सुगंध घालतो तेव्हा पातेल्यात साबण झालेला नसतो, होत असतो. साबणीकरणाला सुरुवात झालेली असते, पण बराचसा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, अजून मोकळा असतो आणि तो तेलाचे रेणू जसा तोडतो तसेच सुगंधातले काही रेणूही तोडतो. तेल हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून झालेले संयुग, आहे आणि पुष्कळ फुलांचे वासही एस्टरचेच असतात. मोगरा, जाई, चमेली ह्यांच्या वासात बेंझिल ॲसिटेट हा मोठा घटक असतो. कॉस्टिकमध्ये त्याचे बेंझिल अल्कोहोल आणि सोडियम ॲसिटेट होते. पहिल्याला अगदी मंद वास आहे, दुसऱ्याला सुगंध म्हणावा असा नाही. तुमचा मोगरा औषधी वाटू लागला त्यामागे हे मोठे कारण असणार. शिवाय अगरबत्तीसाठी बनवलेली सुगंधी तेले बहुधा डायइथाइल थॅलेटसारख्या द्रावकात पातळ केलेली असतात. तेही एस्टरच आहे, त्यामुळे ते कॉस्टिकचा वाटा खाते आणि तुमचा हिशोब चुकतो. अगरबत्तीच्या कामाला ते चालत असेल, पण अंगाला लावायच्या साबणासाठी ते तेल बनवलेलेच नाही, म्हणून उरलेली बाटली साबणात वापरू नका.

थिजण्याचे कारण थोडे वेगळे आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून सुरुवातीला प्रक्रिया फक्त दोघांच्या सीमेवर, सावकाश होते. सुगंधातले काही घटक, विशेषतः अल्कोहोल आणि फिनॉल जातीचे, ही सीमा मोडायला मदत करतात आणि प्रक्रिया एकदम धाव घेते. लवंगेच्या तेलातले युजेनॉल ह्याचे ठळक उदाहरण आहे. त्यात तुमचे तापमान ५० अंश, पाणी कॉस्टिकच्या फक्त दुप्पट, निम्मे तेल नारळाचे आणि वर ब्लेंडर चालू. ह्या चारही गोष्टी प्रक्रियेचा वेग वाढवणाऱ्याच आहेत.

संत्र्याची गोष्ट साधी आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनिन असते. त्याला कॉस्टिक फारसे काही करत नाही, पण ते इतके उडून जाणारे आहे की पाच आठवडे उघड्यावर मुरणाऱ्या वडीत ते राहील अशी अपेक्षाच धरता येत नाही. मिश्रण करताना घरभर जो वास सुटला, तो वडीतून निघून जाणारा सुगंधच होता.

आणि हळद. हिचे उत्तर आपल्या देवघरात आहे. हळदीतले कर्क्युमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे असते, क्षारात मात्र लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीवर टाकणखाराची आणि लिंबाची प्रक्रिया करून करतात, तेही ह्याच गुणावर. तुमच्या उटण्यात हळद होती, ती मोकळ्या कॉस्टिकच्या तडाख्यात सापडली आणि तुमच्या पातेल्यात एका अर्थी कुंकवाचाच रंग उतरला. मुरताना साबणाचा क्षारपणा उतरला की हा रंग बराच निवळून केशरी-पिवळ्याकडे येतो. तो साबण फेकू नका, महिन्याने पुन्हा पाहा.

साबणवडी (प्रतिसाद)

सरांनी कारणे इतकी स्वच्छ सांगितली आहेत की मी थेट कृतीवर येते. मी पुण्यात गेली सहा वर्षे साबण करते आणि उटण्याचा साबण दर वर्षी करते, म्हणून हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

रानजाईताई, उटणे साबणात घालून उटण्याचा वास येत नाही, हे मलाही दोन दिवाळ्या घालवल्यावर कळले. उटण्याचा सुगंध येतो तो नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी ह्या मुळा-कंदांतून, आणि त्यांच्या चुर्णात सुगंधी तेल इतके थोडे असते की साबणात ते हरवून जाते. पण ह्याच मुळांची ऊर्ध्वपातन करून काढलेली तेले साबणात फार उत्तम टिकतात. वाळा आणि नागरमोथ्याचे रेणू जड असतात, ते लवकर उडत नाहीत आणि कॉस्टिकनेही सहसा बिघडत नाहीत. फुलांचा वास साबणात टिकवण्यासाठी आपण धडपडतो, आणि जे टिकणारे आहे ते नेमके आपल्या उटण्याच्या डब्यात असते, ह्याचा मला दर वर्षी नव्याने आनंद होतो.

माझे मिश्रण ५०० ग्रॅम तेलाला १५ ग्रॅम, म्हणजे तीन टक्के, असे असते: नागरमोथा ६ ग्रॅम, गवती चहा ४ ग्रॅम, पचौली ३ ग्रॅम आणि वाळा २ ग्रॅम. वाळ्याचे तेल महाग असते, पण त्या दोन ग्रॅमांनी सगळ्या मिश्रणाला जमिनीचा, पहिल्या पावसासारखा आधार मिळतो. गवती चहा अशासाठी की उटण्याला जो ताजा, आंबूस-गोड वरचा वास हवा असतो, तो लिंबू किंवा संत्र्याच्या मानाने हिच्यातून पुष्कळ जास्त दिवस मिळतो. गुलाबाचा भास हवाच असेल तर खऱ्या गुलाबाच्या अत्तराच्या मागे लागू नका. रोशा गवताचे, म्हणजे पामरोजाचे तेल दोन ग्रॅम घाला. त्यातले जिरॅनिऑल कॉस्टिकला चांगले तोंड देते. लवंगेच्या तेलाचा मोह टाळा, कारण ते मिश्रण थिजवतेही आणि त्वचेला झोंबतेही.

चंदनाच्या बाबतीत सावध राहा. खरे चंदनतेल साबणात ओतणे परवडत नाही, आणि ‘चंदन’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ सुगंधांत व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा घटक, असते, ज्यामुळे वडी काही आठवड्यांत गडद तपकिरी होते. अत्तराच्या लहान कुप्यांचेही तसेच आहे. पूर्वी कनौजच्या अत्तरांचा आधार चंदनतेल असे, पण आता स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन असते आणि त्याचा साबण होत नाही, ते नुसते वडीत चिकट राहते.

आता तेलांचे प्रमाण. सूर्यफुलाचे तेल ४० टक्के असले की वड्यांवर काही महिन्यांत नारिंगी ठिपके येऊन खवट वास येण्याचा धोका असतो, आणि मग कोणताही सुगंध वाया जातो. करडईचेही तसेच. मी सुगंधी साबणाला असे घेते: शेंगदाणा तेल २५० ग्रॅम, नारळ तेल १५० ग्रॅम, कोकमतेल ७५ ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम. पाच टक्के तेल शिल्लक धरून ह्याला कॉस्टिक ७१ ग्रॅम लागते आणि पाणी मी १५६ ग्रॅम घेते. माझ्या आकड्यांवर विसंबून न राहता साबणाच्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक वेळी स्वतः हिशोब करा. नारळाऐवजी दुसरे तेल घेतले आणि कॉस्टिक तेवढेच ठेवले तर साबण अंग जाळणारा होऊ शकतो.

कृतीत माझा कटाक्ष तीन-चार गोष्टींवर असतो. सुगंधी तेले आदल्या दिवशीच एका काचेच्या बाटलीत एकत्र करून ठेवायची, आणि साबण करायच्या वेळी त्यात एक चमचा मुलतानी माती कालवायची. मातीमुळे वास धरून राहतो असा माझा तरी अनुभव आहे. तेल आणि द्रावण ४० अंशांपर्यंत उतरू द्यायचे, त्याखाली मात्र नाही, कारण कोकमतेल गोठू लागते आणि मिश्रण दाट झाल्याचा खोटा भास होतो. ब्लेंडर अगदी थोडा, थांबत थांबत चालवायचा आणि मिश्रण कढीइतके दाट झाले की तो बाजूला ठेवून द्यायचा. सुगंध त्यानंतर घालायचा आणि हाताने, लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने मिसळायचा. ताकाच्या रवीनेही हे काम फार छान होते, मात्र ती रवी मग कायमची साबणाचीच.

उटण्याचे चूर्ण घालायचेच असेल तर कपड्याने गाळलेले, एकच लहान चमचा, तेही आधी तेलात कालवून. गुलाबाच्या पाकळ्या आत घालू नका. त्या काळपट होतात आणि सुंदर वडीवर डाग पडल्यासारखे दिसते.

इतके करूनही मिश्रण थिजले तर घाबरून साच्यात दाबू नका. पातेले तसेच मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ठेवा आणि झाकण ठेवून तासभर गरम होऊ द्या. ते पुन्हा सैल होते आणि साबणीकरण तिथेच पुरे होते. फुगून वर येते म्हणून पातेले निम्मे रिकामे असावे आणि आपण जवळ असावे. मोगऱ्याचा हट्टच असेल तर हाच मार्ग उलट्या बाजूने वापरता येतो. बिनवासाचा तयार साबण किसून, थोडे पाणी घालून मंद आचेवर मऊ करायचा आणि थोडा निवल्यावर अंगाला चालणारे, साबणासाठीच बनवलेले मोगऱ्याचे तेल त्यात घालायचे. कॉस्टिक संपलेले असते म्हणून वास पुष्कळ बरा राहतो. वडी मात्र गुळगुळीत होत नाही.

माडाखाली (प्रतिसाद)

मी सिंधुदुर्गात असतो आणि आमच्याकडे घरचे खोबरेल आणि घरचे मुठेल, म्हणजे वर म्हटलेले कोकमतेल, दोन्ही असते. साबणवडीताईंच्या प्रमाणाशी मी पूर्ण सहमत आहे. मुठेलामुळे वडी कठीण होते, लवकर झिजत नाही आणि भेगाळलेल्या टाचांनाही ते मानवते. फक्त घरचे मुठेल वापरणार असलात तर ते गाळून घ्या, कारण त्याला स्वतःचा एक वास असतो आणि नागरमोथ्याबरोबर तो जुळला तरी गवती चहाला तो दाबतो.

मला मुरवण्याविषयी सांगायचे आहे. तुम्ही जो साबण आत्ता कराल तो भाद्रपदाच्या दमट हवेत मुरेल. साबणात ग्लिसरीन असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे वड्यांवर घामासारखे थेंब दिसतात. घाबरू नका, पण पुसून पुसून वडी खराबही करू नका. बांबूच्या चाळणीत किंवा जाळीच्या फळीवर, एकमेकींना न चिकटता वड्या मांडाव्यात, दिवसातून काही तास पंखा लावावा आणि दोन-तीन दिवसांनी त्या उलटाव्यात. उन्हात ठेवू नये, कारण सुगंध उडतो आणि हळदीचा रंगही उन्हाने फिका पडतो. चार आठवडे झाले की मी वड्या पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवतो, म्हणजे पुढचा सुगंध वाया जात नाही. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, आत ओल कोंडते. वेगवेगळ्या वासांच्या वड्या एकत्रही ठेवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. नातेवाइकांना भेट देणे निराळे, पण पुढे कधी विक्रीचा विचार आलाच, तर घरगुती साबणालाही सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो, आणि तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो.

रानजाई (प्रतिसाद)

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. सरांचे कुंकवाचे उदाहरण मी घरी सासूबाईंना सांगितले, तर त्यांनी लगेच चिमूटभर हळदीत चुन्याची निवळी घालून मला रंग दाखवला.

गेल्या आठवड्यात मी २०० ग्रॅम तेलाचे दोन लहान घाणे करून पाहिले. साबणवडीताईंच्या प्रमाणाने कॉस्टिक २८.४ ग्रॅम झाले, म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणला. आधीच्या माझ्या काट्यावर एवढ्या लहान घाण्याचा हिशोब करणे धोक्याचेच झाले असते. पहिल्या घाण्यात सांगितलेले चार सुगंध ६ ग्रॅम घातले. मिश्रण शेवटपर्यंत ओतता येईल इतके सैल राहिले आणि आज आठ दिवसांनी वडीला माझ्या आजोळच्या न्हाणीघराची आठवण करून देणारा वास आहे. दुसऱ्या घाण्यात पचौली न घालता पामरोजा घातले. तो वास अधिक गोड आहे, पण मला पहिलाच उटण्याच्या जवळचा वाटतो, आणि मोठा घाणा मी तसाच करणार आहे.

मात्र पहिला घाणा दुसऱ्या दिवशीही लोण्यासारखा मऊ होता, तर दुसरा चांगला घट्ट. फरक एकच आठवतो: पहिल्याला जुन्या बरणीतले कॉस्टिक वापरले होते, ज्याचे खडे एकमेकांना चिकटले होते आणि वर पांढरी पूड धरली होती. दुसऱ्याच्या वेळी नवीन पाकीट फोडले. हा साबण वापरणे सुरक्षित आहे का? आणि जुन्या कॉस्टिकचे वजन थोडे वाढवून घेतले तर चालेल का?

ओला खडू (प्रतिसाद)

ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. कॉस्टिक सोडा हवेतले पाणी ओढून घेतो, म्हणून खडे चिकटतात, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, बनतो. ती पांढरी पूड बहुधा त्याचीच. दोन्हीमुळे काट्यावर दिसते त्याहून कमी कॉस्टिक प्रत्यक्षात पातेल्यात जाते. समजा त्यात दहा टक्के ओल शिरली असेल, तर ७१ ग्रॅमांत खरे कॉस्टिक ६४ ग्रॅमच उरते आणि साबण न झालेले तेल पाच टक्क्यांऐवजी जवळजवळ पंधरा टक्के राहते. असा साबण त्वचेला अपाय करत नाही. तो मऊ राहतो, फेस कमी देतो आणि लवकर खवट होतो. तुमचा पहिला घाणा दोन महिने जास्त मुरवा आणि घरीच हात धुवायला लवकर वापरून संपवा, भेट म्हणून देऊ नका.

वजन वाढवून घेण्याचा विचार मात्र सोडून द्या. त्यात किती ओल आहे हे घरी कळण्याचा सोपा मार्ग नाही, आणि अंदाज उलटा चुकला तर मोकळे कॉस्टिक वडीत राहील. जुनी बरणी मोरीचा नळ तुंबला की वापरा. नवीन पाकीट फोडल्यावर उरलेले कॉस्टिक घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत भरा, वर ठळक अक्षरांत नाव आणि तारीख लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. काचेच्या बरणीत ठेवू नका, कॉस्टिक काचेलाही हळूहळू खाते, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात तर मुळीच नको, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

तुम्ही इतक्या घाण्यांनंतर हे पाळत असालच, तरी हा धागा पुढे एखादा नवखा वाचेल म्हणून लिहितो. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना इतकी उष्णता निघते की वर पडलेले पाणी उसळून तोंडावर येऊ शकते. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे आणि खिडकी उघडी असावी. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नये, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे जागा धुवावी, आणि डोळ्यांत गेले तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. मोठा घाणा कराल तेव्हा नवीन पाकिटाचेच कॉस्टिक घ्या आणि तो ह्या आठवड्यातच करा, म्हणजे दिवाळीपर्यंत त्याला पुरते मुरायला मिळेल.